मिरजेत उचललेल्या तारा

आमचे मामा साताऱ्यात गणपतीच्या दिवसांत ऑर्केस्ट्रात हवाईयन गिटार वाजवायचे. मांडीवर आडवी गिटार आणि डाव्या हातात पोलादी कांडी. ती तारांवरून सरकली की जुनी सिनेगीतं थेट गळ्यातून आल्यासारखी वाटत. सरकत्या सुराची ओढ मला त्यांनीच लावली. पुढे एकदा त्यांनी ऑलमन ब्रदर्स बँडच्या ‘ॲट फिलमोर ईस्ट’ची कॅसेट माझ्या हातात ठेवली. “गिटार उभी धरूनसुद्धा हे जमतं. ऐक,” एवढंच म्हणाले.

ती वाजवणारा ड्युएन ऑलमन मी जन्मण्याआधीच गेला होता. तरी गुरू म्हणून मी त्याचंच नाव घेतो. १९४६ साली नॅशव्हिलला जन्म. तीन वर्षांचा असताना वडिलांचा खून झाला. आईने दोन्ही मुलांना एकटीने वाढवलं. बाविसाव्या वाढदिवसाला, नोव्हेंबर १९६८ मध्ये, तो सर्दीने बेजार होता. धाकट्या भावाने, ग्रेगने, ताज महाल या ब्लूज गायकाची तबकडी आणि सर्दीच्या गोळ्यांची काचेची बाटली आणून दिली. ड्युएनने गोळ्या ओतून टाकल्या, बाटलीवरचं लेबल धुऊन काढलं आणि ती अनामिकेत चढवून तबकडीबरोबर वाजवायला बसला. मार्च १९७१ मध्ये न्यूयॉर्कमध्ये ‘फिलमोर’चं ध्वनिमुद्रण झालं, त्याच वर्षी २९ ऑक्टोबरला मोटारसायकलच्या अपघातात तो गेला. वय चोवीस. म्हणजे बाटली हाती धरल्यापासून पुरती तीन वर्षंही त्याला मिळाली नाहीत. तेवढ्यात एरिक क्लॅप्टनबरोबरची ‘लेला’सुद्धा वाजवून झाली होती! हा हिशेब मला आजही अस्वस्थ करतो.

नोकरीसाठी सांगलीत आलो तेव्हा बाटली होती, जिद्द होती, पण माझ्या गिटारीवर काच पडद्यांवर आपटून खडखडायची. कुणीतरी मिरजेच्या एका सतारमेकर चाचांकडे पाठवलं. दीडशेहून अधिक वर्षं तिथे सतारी आणि तंबोरे घडताहेत. चाचांनी ब्लूज हा शब्दही ऐकला नव्हता. मी वाजवून दाखवलं. ते डोळे मिटून ऐकत राहिले.

“काचेनं वाजवणार ना? मग तार पडद्यापासून उचलायला हवी. विचित्र वीणेला पडदेच नसतात. तसंच धरून करतो.”

घोडी उंच केली, खुंट्यांकडची पट्टी बदलली, जाड तारा चढवल्या. मग म्हणाले, “दाबू नका, नुसती टेकवा. आणि काचेमागची बोटं तारेवर राहू द्या, नाहीतर मागची तार उगाच बोलते.” मी कॅसेट लावली तेव्हा ड्युएन नखी टाकून उघड्या बोटांनी छेडायचा हेही त्यांनी नुसतं ऐकून ओळखलं. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गावचे कान ते. तिथल्या दर्ग्याच्या उरुसात गाणं ऐकत वाढलेल्या माणसाला मींड कुठून सुटते आणि कुठे टेकते हे कुणी सांगावं लागत नाही.

माझी गिटार बोलती झाली ती चाचांमुळे. आणि खूप उशिरा मला डेरेक ट्रक्स सापडला. ऑलमन ब्रदर्सच्याच ढोलकऱ्याचा, बुच ट्रक्सचा पुतण्या. १९९९ मध्ये तो त्या बँडमध्ये ड्युएनची बाजू सांभाळायला आला. उस्ताद अली अकबर खाँसाहेबांचा सरोद त्याने मनापासून ऐकलेला, त्यांच्या अमेरिकेतल्या विद्यालयात शिकलेला. त्याची एक तान मी चाचांना ऐकवली. “हा आपल्याकडे शिकलाय,” ते लगेच म्हणाले, आणि कुणाकडे ते विचारू लागले.