हलक्या वजनाची माणसं

सुरतेत महिधरपुऱ्याच्या हिरेबाजारात भर रस्त्यात, उभ्या स्कूटरच्या सीटवर कागदाची पुडी उघडते. दलाल चिमट्याने एकेक खडा उचलतो, भिंग डोळ्याला लावतो आणि न बोलता परत ठेवतो. कॅरेट म्हणजे २०० मिलिग्रॅम. सेंट हा त्याचाही शंभरावा भाग. या बाजाराचं पोट सेंटांच्या हिशेबावर चालतं. इथे ‘एवढासाच?’ असं कुणी नाक मुरडत नाही. पैलू कसे पडलेत, ते बघतात.

आखाड्याभोवतीच्या गर्दीला एवढी नजर नसते. वजनदार मुष्टियोद्धा माईक टायसन शेंबड्या पोरालाही ठाऊक. मेक्सिकोच्या रिकार्डो ‘फिनितो’ लोपेझचं नाव काढलं की लोक तोंडाकडे बघतात. त्याचा गट ४७.६ किलोचा, पुरुषांच्या व्यावसायिक मुष्टियुद्धातला सगळ्यात हलका. १९९० साली टोकियोत हिदेयुकी ओहाशीला लोळवून तो जगज्जेता झाला आणि ते पद त्याने २१ वेळा राखलं. १९९८ मध्ये रोसेंदो अल्वारेझने त्याला दुसऱ्याच फेरीत खाली पाडलं. ती लढत बरोबरीत सुटली, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात फिनितोने हिशेब चुकता केला. २००१ साली शेवटची लढत खेळला तेव्हा ५१ विजय, एक बरोबरी. हार एकही नाही! पण अमेरिकेत टायसनसाठी जमलेल्या गर्दीपुढे त्याला आधी खेळवत.

आपल्याकडचं लखलखीत उदाहरण कुस्तीतलं. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव. चण लहान, अंगात वीज, आणि ढाक हा डाव असा की समोरच्याला कळेपर्यंत पाठ टेकलेली. १९४८ साली लंडन ऑलिंपिकला फ्लायवेट गटात सहावे आले. मातीतला माणूस, गादीचा सराव नाही. पुढच्या खेपेला खर्चाची तोंडमिळवणी होईना. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डीकर यांनी राहतं घर गहाण टाकून ७,००० रुपये उभे केले. १९५२, हेलसिंकी, बँटमवेट, ५७ किलो. तिथे त्यांनी हरवलेल्यांत मेक्सिकोचा लिओनार्दो बासुर्तोही होता. जपानच्या इशीईशी दमछाक करणारी कुस्ती हरल्यावर विसावा न देता त्यांना सोव्हिएत मल्लापुढे उभं केलं. नियमावर बोट ठेवायला आपला एकही अधिकारी जागेवर नव्हता. तरीही कांस्य आलं. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. कराडात बैलगाड्यांची मिरवणूक निघाली, शंभरावर गाड्या. नंतर पोलिसात नोकरी आणि १९८४ मध्ये अपघाती मृत्यू. हयातीत ना अर्जुन, ना पद्म. हे पदक ८०–९० किलोच्या धिप्पाड मल्लाने आणलं असतं तर? मला वाटतं, सरकारला जाग लवकर आली असती.

सुरतेच्या उधना-लिंबायतची आमची खानदेशी मंडळी जत्रेला रेल्वेच्या ताप्ती लाइनीने गावी जातात आणि कुस्तीच्या फडावर पोचतात ती शेवटच्या मोठ्या इनामाच्या जोडीला. लहान पोरांच्या रेवडीच्या कुस्त्या दुपारीच उरकलेल्या असतात, बघायला चार म्हातारे आणि पोरांचे बाप. यंदा जेवण आटोपून जरा लवकर निघा. आणि खिशात इनामाची नोट असेल, तर ती त्या काटक पोरांसाठी काढा.