हिणवणे

मराठीत थट्टेला तोटा नाही. आपण फिरकी घेतो, टर उडवतो, वाकुल्या दाखवतो, भर चौकात एखाद्याची रेवडी उडवतो. रुखवतापाशी विहिणी एकमेकींना उखाण्यांतून टोमणे हाणत. तमाशातल्या गवळणीत तर वाट अडवणाऱ्या कृष्णालाच मावशी फैलावर घेते. या साऱ्यांत परतफेडीची सोय आहे. विहीण विहिणीला पुरून उरते, कृष्ण मावशीला उत्तर देतो. चिडवण्यातही समोरच्याचा वाटा असतोच. तो चिडला तरच चिडवणं पुरं होतं.

हिणवण्यात असा वाटा कुणाला नाही. त्याच्या मुळाशी संस्कृत 'हीन' आहे, म्हणजे टाकलेला, सोडून दिलेला. सोन्यात मिसळलेल्या हलक्या धातूला आपण हीण म्हणतो. पण सोनार ते हीण कसाला लावून ठरवतो. हिणवणारा कस न लावताच निकाल देऊन मोकळा होतो. वाक्यात हे क्रियापद बहुधा 'म्हणून'चा हात धरून येतं. काळी म्हणून हिणवलं, अडाणी म्हणून हिणवलं, वांझ म्हणून हिणवलं. 'म्हणून'च्या आधी एकच शब्द, आणि अख्खं माणूस त्यात कोंबलेलं.

खानदेशातल्या खेड्यातून शहरातल्या शाळेत आलेलं पोर धडा वाचायला उभं राहतं. 'पाणी'चं 'पानी' होतं. मागच्या बाकावरून कुणीतरी तो शब्द लांबवून म्हणतं आणि वर्ग खो खो हसतो. त्या पोराची आई तसंच बोलते, आजीही तसंच बोलायची. हसू एका उच्चाराला नसतं, साऱ्या घराला असतं. पुढे उत्तर येत असूनही ते पोर हात वर करत नाही.

याच खानदेशात बहिणाबाई चौधरींनी घरोट्यावर म्हणजे जात्यावर, शेतात आपल्या बोलीत गाणी रचली. त्यांना अक्षरओळख नव्हती. 1951 साली त्या गेल्या आणि 1952 साली अत्र्यांच्या प्रस्तावनेसह त्यांची गाणी पुस्तकात आली. साऱ्या महाराष्ट्राने ती डोक्यावर घेतली. जी बोली आपण पाठ्यपुस्तकात मानाने छापतो, तिच्यावरूनच बाकावरच्या लेकराला हिणवतो, ही आपली लाजिरवाणी गोष्ट आहे.

थट्टा जरूर करावी, बरोबरीच्याची करावी, मोठ्याची तर अवश्य करावी. ज्याला उलट बोलायची सोय नाही, त्याला हिणवू नये. वर्गात कुणी 'पानी' म्हणालं, तर गुरुजींनी आधी हसणाऱ्यांना थांबवावं. उच्चाराचं नंतर पाहता येईल.