डॉट कॉमचं बारसं

मुलाच्या बारशाला एक सोय असते. गल्लीत चार संजय असले तरी पाचवा चालतो. डॉट कॉमच्या राज्यात एक नाव एकालाच. तिथं १९८५ पासून लोक एसटीत रुमाल टाकावा तशी नावं धरून बसलेत. काहींना तर प्रवासच करायचा नाही, रुमाल विकायचाय!

वहिनींच्या फराळाच्या धंद्यासाठी मी 'अन्नपूर्णा' सुचवलं. पुतण्या म्हणाला, "काका, लोक काय शोधतात ते आधी बघू." कोणता शब्द महिन्याला साधारण किती वेळा शोधला जातो, ते गूगलचा कीवर्ड प्लॅनर सांगतो. अन्नपूर्णा शोधणाऱ्याला देऊळ हवं असतं, नाहीतर हिमालयातलं शिखर. चकली शोधणारा मात्र खरा भुकेला! पण रोमन लिपीत चकलीच्या 'क'पुढे 'ए' घालायचा की नाही, यावर घरात पानिपत झालं. प्लॅनरनं 'ए' काढून टाकला. ते नाव अर्थातच गेलेलं होतं.

शेवटी वहिनींनी चकलीपुढे माहेर लावलं : 'वाईची चकली'.

"आई, हे महिन्याला शून्य लोक शोधतात."

"मग हेच घे. जो येईल तो माझ्याचकडे येईल."

पुतण्यानं मुकाट्यानं वर्षाचं भाडं भरलं. हो, भाडंच, नाव विकत मिळत नाही.