मोजपट्टीने घडवलेल्या यॉट

शर्यतीची यॉट वाऱ्यासाठी बांधली जाते, पण तिचा आकार बराचसा मोजणीच्या नियमाने ठरतो. लहानमोठ्या यॉट एकत्र पळतात तेव्हा प्रत्येकीचे मानांकन काढून कमी मानांकनाच्या यॉटला वेळेची सवलत देतात. मानांकनाच्या सूत्रात जे मोजले जाते, तिथे रचनाकार हात आखडता घेतो आणि जे मोजायचे राहून गेले, ते भरभरून वापरतो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून 1937 पर्यंतच्या शर्यती यॉटचा इतिहास म्हणजे ही सूत्रे आणि त्यांना रचनाकारांनी दिलेली उत्तरे.

22 ऑगस्ट 1851 रोजी ‘अमेरिका’ ही न्यूयॉर्कची स्कूनर आइल ऑफ वाइट बेटाला वळसा घालून इंग्रज यॉटच्या आधी परतली. जॉर्ज स्टीअर्सने तिचे पुढचे टोक निमुळते आणि आत दबलेले ठेवले होते आणि सर्वांत जास्त रुंदी बरीच मागे नेली होती. तेव्हाच्या इंग्रज यॉट पुढून फुगीर आणि मागे निमुळत्या असत. तिची शिडे यंत्रमागावरच्या सुती कापडाची होती. ती सपाट राहत, तर जवसाच्या धाग्याच्या इंग्रज शिडांना वाऱ्यात पोट सुटे. जिंकलेला चषक 1857 मध्ये न्यूयॉर्क यॉट क्लबकडे आला आणि पुढे याच ‘अमेरिका’ यॉटच्या नावाने ओळखला गेला.

इंग्लंडमध्ये मात्र तेव्हा थेम्स मापन रूढ झाले. त्यात लांबीतून रुंदी वजा करून येणारा आकडा रुंदीने, मग पुन्हा निम्म्या रुंदीने गुणत आणि 94 ने भागत. खोली मोजलीच जात नव्हती. तिच्या जागी निम्मी रुंदी धरत. त्यामुळे रुंद यॉटला मोठा दंड बसे आणि खोल यॉटला काहीच नाही. मग उभ्या धरलेल्या फळीसारख्या अरुंद, खोल यॉट निघाल्या. त्यांना सरळ ठेवण्यासाठी तळाच्या कण्याखाली शिशाचे प्रचंड वजन लटकवावे लागे. या प्रवृत्तीचे टोक म्हणजे ‘ऊना’: जलरेषेवर 34 फूट लांब आणि रुंदी जेमतेम साडेपाच फूट. 1886 मध्ये आयर्लंडच्या किनाऱ्यावर ती फुटली आणि तिचा रचनाकार विल्यम पॅटनही तिच्यावरच गेला. अमेरिकेत दोष उलट बाजूचा होता. तिथल्या उथळ, पसरट यॉट केवळ रुंदीच्या बळावर उभ्या राहत. 1876 मध्ये स्टेटन आयलंडजवळ नांगरलेली ‘मोहॉक’ शिडे चढवलेली असतानाच वाऱ्याच्या झोताने उलटली. त्यात मालक आणि त्याची पत्नी बुडून मेली. नियमाचा आणि रिवाजाचा अतिरेक माणसांच्या जिवावर बेतू शकतो, हे दोन्ही किनाऱ्यांनी दहा वर्षांत पाहिले.

पुढचे नियम जलरेषेची लांबी आणि शिडांचे क्षेत्रफळ मोजू लागले. शर्यती यॉटचे सर्वांत देखणे पर्व इथून सुरू झाले. पाणी कापणारी यॉट स्वतःची लाट उठवते आणि वेग वाढतो तशी ती लाट लांब होत जाते. लाटेची लांबी यॉटच्या लांबीइतकी झाली, की यॉट आपल्याच लाटेच्या चढावर अडकते. फुटांतल्या जलरेषेचे वर्गमूळ काढून त्याला सुमारे 1.34 ने गुणले, की ही मर्यादा नॉटमध्ये मिळते. म्हणून लांबी म्हणजेच वेग. जलरेषा मात्र मोजली जाई यॉट शांत पाण्यात सरळ उभी असताना. रचनाकारांनी दोन्ही टोके पाण्याबाहेर लांबवर काढली. वाऱ्याने यॉट कलली, की ही टोके पाण्याला टेकत, जलरेषा लांबे आणि जी लांबी मोजणीत धरलीच नव्हती, ती शर्यतीत कामाला येई. जुन्या यॉटच्या ज्या लांबसडक टोकांवर आज डोळा ठरतो, ती याच हिशेबातून आलेली आहेत. हिशेबातून आली म्हणून ती कमी सुंदर ठरत नाहीत.

ऱ्होड आयलंडच्या नॅथॅनिएल हेरेशॉफने हा हिशेब सर्वांत पुढे नेला. कागदावर रेषा ओढण्याआधी तो लाकडात यॉटच्या एका बाजूचे छोटे प्रतिरूप कोरी, बोटांनी वळणे चाचपून पाही आणि मग त्यावरून मापे घेई. 1891 च्या ‘ग्लोरिआना’मध्ये त्याने पुढच्या टोकाखालचा भाग कापून टाकला. 1903 ची त्याची ‘रिलायन्स’ हा या घराण्याचा कळस. जलरेषा 90 फुटांच्या आत आणि डेकची लांबी 143 फुटांहून जास्त! शिडांचे क्षेत्रफळ 16,000 चौरस फुटांच्या वर होते. दोर ओढण्याची चक्रे डेकखाली बसवलेली होती. सुकाणू पोकळ होते; त्यात पाणी भरून किंवा काढून त्याचा भार बदलता येई. ‘अमेरिका’ चषकासाठी आव्हान देणाऱ्या थॉमस लिप्टनच्या ‘शॅमरॉक तिसरी’ला तिने 3-0 ने हरवले. मात्र एका मोसमापलीकडे तिचा उपयोग झाला नाही आणि दहा वर्षांनी ती मोडीत निघाली. अभियांत्रिकी म्हणून ती थोर होती. यॉट म्हणून टिकाऊ नव्हती.

त्याच हेरेशॉफने नवे सूत्रही मांडले. त्यात वजन छेदात ठेवले, म्हणजे जड, भक्कम बांधणीला मानांकनात फायदा मिळू लागला. याच सूत्रातून 1930 चा जे वर्ग आला. उंच त्रिकोणी शीड आणि एकच डोलकाठी असलेल्या या यॉट 1930 ते 1937 दरम्यान दहाच बांधल्या गेल्या. ‘एंटरप्राइज’ला ड्युरॅल्युमिनची डोलकाठी मिळाली. 1937 ची ‘रेंजर’ तर होबोकेनच्या स्टीव्हन्स इन्स्टिट्यूटमध्ये पाण्याच्या टाकीत प्रतिकृती ओढून निवडली गेली. रचनाकार बर्जेस आणि ऑलिन स्टीफन्स यांच्या या पोलादी यॉटने चषकासाठी आव्हान देणाऱ्या सोपविथच्या ‘एंडेव्हर दुसरी’ला चारही शर्यतींत हरवले. हाताने कोरलेल्या प्रतिरूपाचा जमाना तिथे मागे पडला. वेगाच्या दृष्टीने ते योग्यच झाले; हानी झाली ती बोटांनी वळण ओळखण्याच्या कसबाची.

युरोपात 1907 च्या आंतरराष्ट्रीय नियमाने मीटर वर्ग आणले. ‘12 मीटर’ हे सूत्राचे उत्तर असते. यॉट त्याहून पुष्कळ लांब असते. या नियमाखाली स्कॉटलंडमधल्या फेअरलीच्या विल्यम फाइफने बांधलेल्या यॉट कारागिरीत अव्वल ठरल्या. लाकडी फळ्यांचे सांधे आणि बाजूवर कोरलेला सोनेरी ड्रॅगन ही त्यांची ओळख. ‘तुइगा’ ही 1909 ची 15 मीटर यॉट आजही मोनॅकोत शर्यती खेळते.

बहुतेक मोठ्या यॉट मात्र वाचल्या नाहीत. 1893 ची ‘ब्रिटानिया’ राजा पाचव्या जॉर्जच्या इच्छेनुसार 1936 मध्ये आइल ऑफ वाइटजवळ खोल समुद्रात बुडवली गेली. ‘रेंजर’ 1941 मध्ये भंगारात गेली. मूळच्या दहा जे यॉटपैकी ‘शॅमरॉक पाचवी’, ‘वेलशेडा’ आणि ‘एंडेव्हर’ एवढ्या तीनच उरल्या. ‘एंडेव्हर’ गंजून सांगाडा झाली होती. 1984 मध्ये एलिझाबेथ मेयरने ती विकत घेतली आणि पाच वर्षांनी ती पुन्हा शिडांवर निघाली. अशा पुनर्बांधणीत पोलाद आणि लाकूड बदलले तरी चालते. तळाची मूळ वळणे जपली गेली नाहीत, तर ती यॉट नुसती नावापुरती उरते. ऑगस्ट 2001 मध्ये काउजला चषकाच्या दीडशे वर्षांचा सोहळा झाला, तेव्हा या तिघी एकमेकींविरुद्ध शर्यतीत उतरल्या.