हरसूलची वाट आणि व्हिसाची रांग

दिवाळी झाल्यावरच्या आठवड्यात आम्ही उभयता हरसूलला जाऊन आलो. तेथे आमचे एक जुने स्नेही शिक्षक आहेत. निमित्त पाहुणचाराचे, पण खरे म्हणजे घरातल्या वादातून दोन दिवस सुटका हवी होती. आमची भाची नर्स आहे. जर्मनीला जायचे म्हणून ड्यूटी करून संध्याकाळी जर्मन भाषेच्या वर्गाला जाते. मुलगा चार वर्षांचा. नोकरीचा व्हिसा तिच्या एकटीचा. नवरा आणि मुलगा मागाहून, तेही पुरेसा पगार दाखवता आला तर. अर्धे घर म्हणते, संधी आली आहे, जा. अर्धे म्हणते, पोर टाकून कशाला?

नाशिकहून गिरणारे, वाघेरा करीत एस.टी. हरसूलला जाते. सकाळी गिरणाऱ्याच्या नाक्यावर गाडी थांबली आणि समोर माणसांचा बाजार दिसला. हरसूल, पेठ, सुरगाण्याकडून जीपांत दाटीवाटीने आलेले बाया-गडी रस्त्याच्या कडेला उभे. द्राक्षबागायतदार मोटारसायकलवरून येतात, भाव ठरवतात, माणसे घेऊन जातात. घडांची विरळणी, डिपिंग, काडी बांधणी ही कामे येरागबाळ्याची नव्हेत. घडातला कोणता मणी काढायचा आणि कोणता ठेवायचा हे बोटांनाच कळावे लागते. ज्या टोळीचा हात बसलेला, तिला एकरी उक्ते काम मिळते. इथे पदवी कोणी विचारत नाही, पण कसब विचारतातच.

वाघेऱ्याचा घाट चढला की बागा संपतात. कापलेल्या भाताची खाचरे, नागलीची उतरती शेते, डोंगर. हरसूल त्र्यंबकेश्वर तालुक्यातले, गुजरातच्या हद्दीला लागून. वस्ती मुख्यत्वे कोकणा, वारली, महादेव कोळी या आदिवासी समाजांची. पाऊस इथे धो धो पडतो आणि उतारावरून तसाच वाहून जातो. भात, नागली, वरई घरात आली की शेताला दुसरे काम नाही. म्हणून दिवाळीनंतर गावे उतरू लागतात.

स्टँडवर एक बाई बोचके घेऊन जीपची वाट पाहत होती. कडेवर दीडेक वर्षाचे मूल, मागे सहा-सात वर्षांची मुलगी. आमच्या मंडळींनी विचारले, "दोघांनाही नेणार का?"

"धाकट्याला नेते, ताई. तो अंगावर पितो. मोठी आजीपाशी राहील. मुकादम म्हणतो, खाणारी तोंडं आणू नका, काम करणारे हात आणा."

आम्ही एकमेकांकडे पाहिले. हेच वाक्य आम्ही वर्तमानपत्रात निराळ्या भाषेत वाचले होते.

अमेरिकेत 1965 साली कायदा बदलला. त्यात तेथे स्थायिक झालेल्यांच्या नातलगांना मोठे स्थान मिळाले. कुशल कामगारांचा एच-वन-बी व्हिसा 1990 च्या कायद्यातला. त्याची वर्षाची मर्यादा साधारण 85,000. तेव्हापासून वाद चालू आहे, कसब बघून माणूस घ्यावा की नाते बघून? 2017 साली तेथील दोन सिनेटरांनी विधेयक आणले. शिक्षण, इंग्रजी, पगार यांना गुण द्यावेत आणि भावंडे व सज्ञान मुले यांचा मार्ग बंद करावा, असे त्यात होते. ते मंजूर झाले नाही. पण आजही भारतातल्या भावाबहिणीला बोलवायचे तर रांग पंधरा वर्षांहून लांब. कुशल माणसाचेही सगळे सुखाचे नाही. सप्टेंबर 2025 मध्ये नव्या एच-वन-बी अर्जावर एक लाख डॉलरचे शुल्क लावण्यात आले.

आपल्या लोकांना जवळचे उदाहरण ब्रिटनचे. तेथे म्हाताऱ्यांची सेवा करायला परदेशी माणसे हवी होती. 11 मार्च 2024 पासून अशा नव्या सेवकांना नवरा-बायको, मुले आणायला बंदी झाली. पुढच्या वर्षी बाहेरून सेवक घेणेच थांबवले. आखातातही तेच. अमिरातीत बायकामुलांना बोलवायचे तर महिना 4,000 दिरहम पगार हवा, किंवा 3,000 आणि राहायला जागा. ज्याचा पगार तेवढा नाही, त्याचा संसार गावाकडेच.

शिक्षकमित्रांचे म्हणणे वेगळे पडले. ते म्हणाले, "देशाला आपल्या गरजेप्रमाणे माणूस निवडू द्या. बाबासाहेब 1913 साली कोलंबियाला गेले, ते गुणावरच ना?" खरे आहे. बडोद्याच्या शिष्यवृत्तीत दरमहा साडेअकरा पौंड होते, तीन वर्षांसाठी, एका माणसाचे. रमाई मुंबईतच राहिल्या. त्या दारिद्र्याचा हिशोब कुठल्या शिष्यवृत्तीत धरला होता? मित्र काही वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "माझ्या वर्गातली पोरं दिवाळीनंतर कमी होतात. आश्रमशाळेत पहिलीपासूनची राहतात, त्याखालची कुठे जाणार? आईच्या मागं."

आम्हांला वाटते, कसबाला भाव मिळावा, यात वावगे काही नाही. पण बाईचे हात घेणाऱ्याने तिच्या कडेवरच्या पोराची जबाबदारी आपली नाही म्हणणे, मग तो मुकादम असो की सरकार, आम्हांला पटत नाही. 1979 च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्यात प्रवासखर्च, विस्थापन भत्ता, राहण्याची सोय असे सगळे लिहिले होते. मात्र ते राज्याची हद्द ओलांडणाऱ्यांसाठी. हरसूलची बाई गिरणाऱ्याला उतरते, म्हणजे जिल्ह्यातल्या जिल्ह्यात. तिला त्यातले काहीच लागू नव्हते.

परतताना गाडी गिरणाऱ्याला पोहोचली तेव्हा अंधार पडला होता. नाक्यापलीकडच्या मोकळ्या जागेत तीन दगडांच्या चुली पेटल्या होत्या आणि पोरे भोवती खेळत होती. ती बाई त्यांत होती की नाही, ओळखू आले नाही.

घरी आल्यावर भाचीला सगळे सांगितले. तिने एवढेच विचारले, "त्या मोठ्या मुलीला आजी किती महिने सांभाळते?"

"पुन्हा पाऊस लागेपर्यंत."

"मला तर वर्षही सांगता येत नाही," ती म्हणाली, आणि मुलाला झोपवायला आत गेली. दुसऱ्या दिवशी ती वर्गाला गेली. जावई मात्र मुलाच्या पासपोर्टचा अर्ज भरत बसले होते.