कोल्हापूर : तांबड्या रश्शापलीकडे

कोल्हापूरला जाणारी आपली मंडळी आधी अंबाबाईचं दर्शन घेतात, संध्याकाळी रंकाळ्यावर भेळ, रात्री तांबडा-पांढरा रस्सा. आणि बॅगेत जागा उरलीच तर चपला! आम्हीही आजवर हेच करत आलो. गेल्या डिसेंबरात मात्र भारतवारीतला एक दिवस आम्ही शिरोलीच्या एम.आय.डी.सी.साठी राखून ठेवला. आमचा व्यवसाय इंजिनिअरचा. इथे रोज कास्टिंगची ड्रॉइंग्ज तपासतो, म्हटलं ओतणारे हातही एकदा पाहू.

पंचगंगेचा पूल ओलांडून पुण्याच्या दिशेने निघालं की महामार्गालगत शिरोली लागते. दक्षिणेला कागलच्या वाटेवर गोकुळ शिरगाव. ऊस आणि गूळ पिकवणाऱ्या या मुलखात ओतकाम रुजलं ते शेतीच्या गरजेतून. चरक, पंप, ऑइल इंजिनं बनवता-दुरुस्त करता. शेजारच्या सांगली जिल्ह्यात किर्लोस्करवाडीला तर १९१० पासून नांगर तयार होत होते. आता कोल्हापूरचा माल मोटारी, ट्रॅक्टर, व्हॉल्व्ह यांत बसून परदेशी जातो.

आम्ही पाहिली ती शेल मोल्डिंगची शाखा. ही पद्धत हॅम्बुर्गच्या योहानेस क्रोनिंग यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात शोधली. आमच्या सौ.ना ती पहिल्याच फटक्यात कळली, कारण तिचं सगळं तत्त्व स्वयंपाकघरातलं आहे!

भाताचं पातेलं तापलं की तळाला खरपुडी धरते ना, तसंच. बारीक वाळूच्या प्रत्येक कणावर फिनॉलच्या राळेचा पातळ थर दिलेला असतो. राळ वजनाने जेमतेम तीन-चार टक्के. धातूचा पॅटर्न सुमारे २५० अंश सेल्सिअसला तापवायचा, वाळूच्या पेटीवर बसवायचा आणि पेटी उलटी करायची. तापलेल्या पॅटर्नला टेकलेली वाळू काही सेकंदांत चिकटते. पेटी सुलटी केली की सुटी वाळू खाली पडते आणि पॅटर्नवर आठ-दहा मिलिमीटरची कवची राहते. ती भाजून कडक करायची, पिनांनी उचलून काढायची. करंजीच्या कडा चिकटवाव्यात तशा दोन कवच्या जोडल्या, की झाला साचा. त्यात सुमारे १४०० अंशांचा बिडाचा रस ओततात. रस थिजेतो राळ जळून जाते आणि कवची हाताने मोडते. एका साच्यातून एकदाच माल निघतो, पण इतका गुळगुळीत आणि मापात, की पुढचं मशीनिंग बरंच वाचतं. पॅटर्न महाग, राळ महाग, म्हणून हा खटाटोप हजारोंच्या संख्येने लागणाऱ्या लहान-मध्यम भागांनाच परवडतो.

आता वासाबद्दल. राळ कडक करायला हेक्झामाइन घालतात, ते तापलं की अमोनिया सुटतो. आमच्या मुलीने पहिल्या मिनिटातच नाकाला रुमाल लावला. धूर ओढणारे पंखे होते, मास्कही होते. उकाड्याने ते बहुतेकांच्या गळ्यात लोंबत होते. मशीनवरच्या मामांना तिने विचारलं, "तुम्हाला त्रास नाही होत?" मामा हसले. "सवय झालीया, बाळ. पर माझी पोरं हितं येणार न्हाईत. मी बी आणणार न्हाई." मग कवची बोटाने वाजवून ते म्हणाले, "ऐका साहेब, ही पक्की भाजलीया." मीटर कुठेच नव्हता, पण आवाजातला फरक आम्हालाही कळला.

मामांची मुलं येणार नाहीत हे योग्यच आहे. मात्र धूर तसाच राहिला, तर मामांच्या जागी कुणाची तरी मुलं येणारच. आमच्यासारख्यांनी ड्रॉइंगवर फिनिशचा आकडा विनाकारण कडक केला, की साध्या वाळूत भागणारं काम शेलमध्ये जातं आणि जळणारी राळ वाढते. माल परदेशातून मागवणारा भाव घासाघीस करून पाडतो, तेव्हा पहिली काटकसर होते ती पंख्यांवर. आपल्यापैकी बरेच जण अशा कंपन्यांच्या खरेदी आणि डिझाइन विभागांत आहेत. ऑर्डर देताना किंमतीबरोबर धुराच्या व्यवस्थेचीही चौकशी करा, एवढंच सुचवावंसं वाटतं.

आणि मंडळी, पुढच्या खेपेला कोल्हापूरला गेलात तर ओळखीतून परवानगी काढून एखादी फाउंड्री जरूर पाहा. पायात बूट घाला. चपला नंतर घ्या!