उभ्या गाडीचे किलोमीटर

तीर्थस्वरूप दादास,


फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून कागद घेतला. दिवाळीत सगळ्यांसमोर तू म्हणालास, "पोलिसांच्या गाड्यांना काय धाड भरलीय? दिवसाला चाळीस किलोमीटर पळतात, बाकी वेळ झाडाखाली उभ्या. आमची एसटी घाटातून रोज साडेतीनशे पळायची." सगळे हसले, मीही हसलो. पण उत्तर तेव्हापासून घशाशी अडकलंय. आगाराच्या वर्कशॉपात जन्म काढलेल्या माणसाला हे पटवणं सोपं नाही, तरी ऐक. आमची पोलिसांची गाडी उभी असते तेव्हा ती कामावर असते, आणि झिजते तीही तेव्हाच.

फाट्यावर नाकाबंदीला लागणारी बोलेरो डोळ्यांसमोर आण. रात्री अकराला लागली की पहाटे पाचला सुटते. छपरावरचा लाईटबार चालू. वायरलेस सेट चालू. डॅशबोर्डवर ११२ च्या कॉलचा टॅब, आम्ही त्याला एमडीटी म्हणतो, तो सारखा नेटवर्क शोधत बसलेला. चार्जरला तिघांचे मोबाईल. इंजिन बंद, कारण डिझेलचा हिशेब लॉगबुकात द्यावा लागतो. हे सगळं ओढून १० अँपिअर धर, आणि बॅटरी ६५ अँपिअर-अवरची. तीन-साडेतीन तासांत ती निम्म्यावर येते. शिसं-आम्लाची बॅटरी रोज निम्म्याखाली उतरवली की तिचं आयुष्य वर्षांवरून महिन्यांवर येतं, हे तुला मी काय सांगायचं. मग पहाटे कॉल येतो, ड्रायव्हर सेल मारतो आणि आतून नुसतं टक्-टक्. त्यानंतर चार शिपाई गाडीला धक्का मारताहेत आणि कोणीतरी त्याचा व्हिडिओ काढतंय. तो व्हिडिओ तूही मला पाठवला होतास, हसण्याच्या चिन्हासकट.

बरं, इंजिन चालू ठेवलं तर? पूर्वीच्या गाड्यांना ते चालून जायचं. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं आणि डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरच्या वाटेत काजळी धरणारी जाळी आली, डीपीएफ. ती काजळी जाळून टाकायला गाडी जरा वेगात, सलग काही वेळ पळावी लागते, तेव्हा कुठे धूर पुरेसा तापतो. नाकाबंदीची गाडी तासन् तास आयडलिंगवर घुरघुरते, मग ठाण्यापर्यंत दोन किलोमीटर जाते आणि बंद. काजळी भरते, जळत मात्र नाही. मीटरवर पिवळा दिवा लागतो, ड्रायव्हर त्याच्याकडे काणाडोळा करतो, आणि एक दिवस गाडी पिकअपच घेत नाही. अशी गाडी आली की मी आधी पाना हातात घेत नाही. ड्रायव्हरला सांगतो, बायपासवर जा, टॉप गिअर न टाकता अर्धा तास पळव आणि ये. निम्म्या वेळा तेवढ्यात काम होतं. ड्रायव्हरला वाटतं, मिस्त्री टाळतोय.

आता तुझ्या साडेतीनशे किलोमीटरकडे येतो. अमेरिकेत फोर्ड कंपनी पोलिसांसाठी वेगळ्या गाड्या काढते, आणि त्यांच्या मेंटेनन्सच्या हिशेबात म्हणते की एक तास उभं चाललेलं इंजिन म्हणजे ३३ मैल पळालेलं इंजिन. म्हणजे सुमारे ५३ किलोमीटर. आमची गाडी बंदोबस्तात रोज सहा तास इंजिन चालू ठेवून उभी राहते असं धर. झाले ३१८. वर तुझे ४० मिळव. तुझ्या एसटीच्या पुढे आठ किलोमीटर! ते इंजिन पेट्रोलचं, आपलं डिझेल, तेव्हा आकडा जसाच्या तसा लावू नये हे मलाही कळतं. पण आमच्याकडे ऑइल बदलायचं ते मीटरवर दहा हजार झाले की. दिवसाला चाळीसच्या हिशेबानं त्याला अडीचशे दिवस लागतात. तेवढ्यात ते इंजिन दीड हजार तास उभ्या उभ्या चाललेलं असतं. त्या ऑइलमध्ये बोट बुडवून दोन बोटांत चोळून बघ, तुझे तूच शब्द वापरशील.

इंजिन सोडून दुसरं काय झिजतं ते तर एसटीवाल्याच्या ध्यानातही येणार नाही. दरवाजाच्या बिजागऱ्या. गस्तीच्या गाडीचा डावा दरवाजा एका पाळीत जेवढ्यांदा उघडतो-मिटतो, तेवढ्यांदा घरच्या गाडीचा महिन्यात उघडत नसेल. ड्रायव्हरच्या सीटची कड कमरेच्या पट्ट्यानं आणि पिस्तुलाच्या पाकिटानं घासून फाटते. मागच्या सीटचा फोम लाठ्या आणि ढाली खाऊन टाकतात.

आणि हे झालं चालत्या गाडीचं. माझं अर्धं काम त्याआधीचं असतं. शोरूममधून आलेली गाडी ही पोलिसांची गाडी नसते, नुसती पांढरी गाडी असते. तिला पोलिसांची करायची म्हणजे तिच्या पोटात आणखी एक वायरिंग घालायचं, कंपनीच्या वायरिंगला धक्का न लावता. अँटेनाचंच सांगतो. आमचा सेट व्हीएचएफवर चालतो, त्याची काडी अर्ध्या मीटरच्या आसपास. ती बंपरला किंवा मडगार्डला लावली तरी चालते, पण नीट बोलते ती छपराच्या मध्यावर, कारण खालचा सपाट पत्रा हा अँटेनाचाच दुसरा अर्धा भाग असतो. म्हणजे नव्याकोऱ्या गाडीच्या छपराला पाऊण इंची भोक पाडायचं. आधी आतलं कापडी छत उतरवायचं, पत्र्याखालच्या पट्ट्या कुठे आहेत ते हातानं चाचपायचं, वरून चिकटपट्टी लावून मगच ड्रिल. भोक पडलं की कानस फिरवून कडेला प्रायमर. हे प्रायमरचं बोट लावायला मिनिटसुद्धा लागत नाही आणि बरेच जण तेच चुकवतात. दुसऱ्या पावसाळ्यात तिथून गंज उतरतो, पाणी कापडी छतातून झिरपतं आणि थेट साहेबांच्या टोपीवर थेंब.

टॅबचं आणखी वेगळं. साहेबांना वाटतं, टॅब डॅशबोर्डवर डावीकडे, अगदी समोर असावा. पण त्याच जागी आत एअरबॅग झोपलेली असते. पापणी लवायच्या आत ती उघडते, आणि तिच्या तोंडावर बसवलेला टॅब म्हणजे तोंडावर फेकलेली वीट. मी तिथे बसवत नाही. गिअरजवळ, मध्ये, खाली बसवतो. मान जरा वळवावी लागते. त्यावरून मला बरंच ऐकून घ्यावं लागलंय. ऐकून घेतो, पण जागा बदलत नाही. या एका गोष्टीत माझं कोणाशी जमत नाही आणि जमवायचंही नाही.

काही गाड्या आमच्याकडे फिटिंग होऊनच येतात, ठेकेदाराकडून. अशाच एका गाडीच्या ड्रायव्हरनं सांगितलं, डाव्या बाजूला जळका वास येतो. पायाकडचं कव्हर काढलं. सायरनची जाड वायर थेट बॅटरीवरून आणलेली, मध्ये फ्यूज नाही. जोड नुसता पिळून वर काळी टेप, आणि उन्हाळ्यानं टेपचा गोंद वितळून ओघळलेला. वायर पत्र्याच्या धारेवरून गेली होती, रबराचं ग्रोमेट नाही. तांबं दिसत होतं. आणखी एक खड्डा बसला असता तर गाडी पेटली असती. फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरातच हवा, कारण फ्यूज वाचवतो तो वायरला, सायरनला नाही, हे ती वायर जोडणाऱ्या पोराला कोणी शिकवलंच नसेल. त्याच्यावर माझा राग नाही. त्याला एका दिवसात किती गाड्या उरकायला लावल्या असतील, त्या लावणाऱ्यावर आहे.

सगळ्यात कटकटीचं दुखणं मात्र दिसत नाही, ऐकू येतं. एका गाडीत कंट्रोल रूमचा आवाजच नीट येईना, नुसती खरखर. वायरलेस ही पोलिसांत वेगळी शाखा, तिचं मुख्यालय पुण्यात, त्यांची माणसं वेगळी. त्यांनी सेट बदलून दिला, तरी खरखर. ते म्हणणार गाडीत दोष आहे, आम्ही म्हणणार सेटमध्ये. शेवटी मी रात्री, आजूबाजूला शांत असताना, गाडीत बसलो आणि एकेक वस्तू बंद करत गेलो. चार्जर, टॅब, पंखा. शेवटी लाईटबार बंद केला आणि आवाज आरशासारखा स्वच्छ झाला. एलईडीच्या लाईटबारमध्ये करंट तोडून-तोडून देणारं सर्किट असतं, स्वस्तातलं असलं की ते स्वतःच एक छोटं ट्रान्समीटर होतं, आणि अँटेना त्याच्यापासून हातभर मागे. लाईटबारची वायर अँटेनाच्या वायरीपासून दूर दुसऱ्या खांबातून नेली, अर्थ खरवडून स्वच्छ पत्र्यावर घेतला, फेराईटची कडी घातली. खरखर गेली. जॉबकार्डावर काय लिहायचं हा प्रश्नच होता. शेवटी लिहिलं, 'वायरिंग दुरुस्ती'.

तू विचारशील, एका सेटसाठी एवढं कशाला. मुंबईवरच्या हल्ल्याची, २६ नोव्हेंबर २००८ ची रात्र आठव. कामा हॉस्पिटलजवळ करकरे, कामटे आणि साळसकर हे अधिकारी ज्या क्वालिसमध्ये मारले गेले, ती पोलिसांचीच गाडी होती. अतिरेकी ती घेऊन निघाले तेव्हा मागच्या बाजूला जखमी अरुण जाधव सहकाऱ्यांच्या देहांखाली पडून होते. पुढे टायर बसला, अतिरेक्यांनी ती गाडी टाकून स्कोडा पळवली, आणि जाधवांनी त्याच क्वालिसमधल्या वायरलेसवरून कंट्रोलला खबर दिली. गोळ्यांनी चाळण झालेली गाडी, टायर बसलेला, आणि सेटला तरीही बारा व्होल्ट मिळत होते. तो सेट कोणी बसवला असेल, ती वायर कोणी आवळली असेल, मला माहीत नाही, त्याला स्वतःला तरी माहीत असेल का कोण जाणे. पण सेटच्या मागचा नट आवळताना मी अर्धा फेरा जास्त देतो.

बाकी इथलं नेहमीचंच. दिव्यांच्या भानगडी तुला माहीतच आहेत. १ मे २०१७ ला लाल दिव्यांची हौस एका फटक्यात बंद झाली तेव्हा काढलेले दिवे अजून आमच्या रॅकवर धूळ खात पडलेत. सध्या निर्लेखनाची गडबड आहे. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरच्या सरकारी गाड्यांची नोंदणीच पुढे चालत नाही. चिलखती आणि खास कामाच्या गाड्या तेवढ्या त्यातून सुटल्या, साधी जीप सुटत नाही. लिलावाआधी सेट, लाईटबार, सायरन उतरवायचे, पट्टे आणि 'पोलीस' ही अक्षरं खरवडायची. अक्षरं निघतात, पण भोवतीचा रंग उन्हानं उडालेला असतो, त्यामुळे त्या जागी रंग मूळचा राहतो आणि 'पोलीस' लांबूनही वाचता येतं. मग तेवढ्या भागावर पुन्हा फवारा मारावा लागतो.

आता कामाचं. लॉगबुकात किलोमीटरचा रकाना आहे, इंजिन उभं किती तास चाललं त्याचा नाही. मी आमच्या गाड्यांचा विभाग बघणाऱ्या एमटीओ साहेबांना सांगितलं, एक रकाना वाढवू, ड्रायव्हर घड्याळ बघून लिहील, आणि ऑइल तासांवर बदलू. ते नाही म्हणाले नाहीत. म्हणाले, "कागदावर करून दाखवा." कागदावर करणं मला जमत नाही, तुला जमतं. तुमच्याकडे प्रत्येक गाडीचा डॉकिंगचा तक्ता असायचा, कोणत्या मुक्कामाला काय तपासायचं, सही कोणाची, चुकलं तर कोणाकडे जायचं. तो तुझ्या डोक्यात अजून असेल. किलोमीटरच्या जागी तास घालून मला एक पान आखून पाठव. शिवाय तुझा तो लग दाबायचा मोठा क्रिम्पर माळ्यावर गंजत असेल तर वहिनींना सांगून काढून ठेव, पुढच्या खेपेस मी घेऊन जाईन.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. आणि तक्ता पाठवताना वर मल्लिनाथी नको.

तुझा धाकटा